मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून खायचं काय? (दूध-दही बंद करूनही दुसरा खडा झाला)

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या श्रावणी सोमवारी रात्री अडीचला आमच्या ह्यांना कळ आली. उजव्या कुशीतून सुरू होऊन थेट जांघेत. उलट्या, घाम, बसवेना की झोपवेना. तीन वर्षांपूर्वी एकदा हे पाहिलेलं होतं, त्यामुळे अपेंडिक्स की आणखी काही हा घोळ झाला नाही. गाडी काढली, दवाखाना गाठला. सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीत ७ एमएमचा खडा आणि किडनीला सूज. चार दिवस गोळ्या-सलाईनवर वाट पाहिली, खडा हलला नाही. शेवटी दुर्बिणीतून लेझरने फोडला आणि स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी) टाकला. आता स्टेंट निघालाय, तब्येत बरी आहे.

मन खट्टू झालंय ते वेगळ्याच कारणाने. पहिला खडा ४ एमएमचा होता, आपोआप पडला. तेव्हा ज्याने त्याने जे सांगितलं ते सगळं आम्ही पाळलं. दूध बंद. दही बंद. टोमॅटो, वांगी, पेरू, भेंडी, बियांचं म्हणून काही नाही. जळगावकडच्या माणसाला तीन वर्षं भरीत नाही म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच कळेल. घरची म्हैस आहे, सकाळ-संध्याकाळ दूध निघतं, आणि घरचा कर्ता माणूस कोरा चहा पितो. एवढं करूनही खडा झालाच, तोही पहिल्यापेक्षा मोठा.

ह्यांची केळीची बाग आहे, दिवसभर उन्हात. श्रावणात सोमवार आणि शनिवार धरतात, शिवाय एकादशी. उपासाला साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी. एरवी ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, जेवणात पापड किंवा बिबडा हवाच.

या वेळी खडा तपासायला पाठवला होता. 'कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट' असं आलंय. कॅल्शियम आलं म्हटल्यावर सासूबाई म्हणतात, 'बघ, दूध बंद केलं ते बरोबरच होतं.' मला काही ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगा, नेमकं चुकलं कुठे?

मीठभाकर

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या भावाला हाच त्रास आहे. खडा तपासून घेतलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक तो फेकून देतात. आपोआप पडणारा असेल तर लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि सापडलेला कण डबीत ठेवायचा. तिळाएवढा असला तरी तपासणीला पुरतो.

पथ्यपाणी

तापीकाठ ताई, मी आहारतज्ज्ञ आहे आणि मुतखड्याचे बरेच रुग्ण माझ्याकडे येतात. तुमची पोस्ट वाचताना ठिकठिकाणी 'अरेरे' झालं. तुमची चूक नाही यात. जे सांगितलं गेलं तेच उलटं होतं.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. दूध-दही बंद करणं हेच चुकलं.

खड्यात कॅल्शियम आहे म्हणून खाण्यातलं कॅल्शियम तोडायचं, हे वरवर बरोबर वाटतं. पण आतड्यात काय होतं ते पाहा. राजगिरा, शेंगदाणे, पालक यांतून ऑक्झलेट हा वनस्पतींतला घटक पोटात येतो. त्याच जेवणात दूध, दही, ताक असेल तर त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. दोघांची जोडी जमली की रक्तात शिरत नाही, शौचावाटे बाहेर जाते. जेवणात कॅल्शियमच नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं, तिथून किडनीत जातं आणि तिथे लघवीतल्या कॅल्शियमशी जोडी जमवतं. जी गाठ आतड्यात पडायची ती किडनीत पडते.

लघवीतलं कॅल्शियम दूध तोडल्याने थोडं कमी होतं, पण ऑक्झलेट वाढतं. खडा होण्याच्या दृष्टीने ते जास्त महागात पडतं.

ही कुणाची मतं नाहीत. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांहून जास्त पुरुषांच्या खाण्याचा अभ्यास छापून आला. आहारात कॅल्शियम जास्त असलेल्यांना खडे कमी झालेले दिसले. पुढे २००२ मध्ये इटलीतला अभ्यास आला. आधी खडे झालेले आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जाणारे १२० पुरुष घेतले. निम्म्यांना दूध-दुभतं कमी करायला लावलं. उरलेल्यांना दिवसाला १२०० मिग्रॅ कॅल्शियम चालू ठेवून मीठ आणि मांसाहार कमी करायला सांगितलं. पाच वर्षांत पहिल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. म्हणजे दूध तोडणाऱ्यांत जवळजवळ दुप्पट.

तेव्हा घरची म्हैस आहे ना? दोन्ही जेवणांत वाटीभर दही किंवा मोठा पेला ताक द्या, ताकात मीठ न घालता. दूध झोपताना एकटं पिण्यापेक्षा जेवणासोबतचं दही-ताक जास्त कामाचं, कारण ऑक्झलेट तेव्हाच पोटात असतं.

आता वांगी-टोमॅटो. टोमॅटोची बी किडनीत जाऊन बसते ही समजूत घरोघरी आहे. बी पचत नाही, जशी खाल्ली तशी शौचावाटे निघून जाते. किडनीत जायला तिला वाटच नाही. टोमॅटोत ऑक्झलेट अगदी थोडं असतं, वांग्यातही पालकाच्या मानाने कितीतरी कमी. भरीत करा हो. तीन वर्षांचं राहिलेलं करा. फक्त मीठ बेताचं आणि वरून शेंगदाण्यांचा मारा नको.

आणि बागेतली केळी रोज एक-दोन खुशाल खाऊ द्या. ऑक्झलेट कमी, पोटॅशियम भरपूर, आणि ते खड्याच्या विरुद्ध कामाला येतं. (किडनीच कमजोर झालेल्यांना हे लागू नाही, त्यांनी पोटॅशियमचं डॉक्टरांना विचारावं.)

उपासाचं आणि मिठाचं रात्री लिहिते, त्याला निवांत वेळ हवा.

गिरणेचा

पथ्यपाणी ताई, मला तर स्वतः डॉक्टरांनी कागदावर छापलेली यादी दिली होती. त्यात दूध, पनीर, टोमॅटो सगळ्यावर फुली. मग आम्ही विश्वास ठेवायचा कुणावर? शिवाय मी हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेतो, त्या चालू ठेवू का?

पथ्यपाणी

दादा, तशा जुन्या याद्या अजून बऱ्याच ठिकाणी फिरतात. एके काळी सगळीकडे हेच सांगितलं जायचं, त्यामुळे कुणाला दोष देत नाही. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, 'दूध किती पिऊ?' असं. 'बंद करू का?' असं विचारलं की उत्तर बहुधा 'करा' असंच येतं.

गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. अन्नातल्या कॅल्शियमने खडे वाढत नाहीत, पण गोळ्यांनी थोडा धोका वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. गोळी खरंच लागणार असेल तर जेवताना घ्या, रात्री रिकाम्या पोटी नको. आणि 'क' जीवनसत्त्वाच्या १००० मिग्रॅच्या गोळ्या सर्दी-खोकल्यासाठी रोज घेत असाल तर त्या थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. शरीरात त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं. पेरू-आवळा-लिंबू जेवणातून खाण्याला हे लागू नाही.

पथ्यपाणी

आता उपास. हा विषय माझ्या फार जवळचा, कारण चातुर्मासात माझ्याकडे खड्याचे रुग्ण वाढलेले मी दरवर्षी पाहते.

आपल्या उपासाच्या ताटाकडे खड्याच्या नजरेने पाहा. राजगिऱ्यात ऑक्झलेट भरपूर. शेंगदाण्यात बऱ्यापैकी, आणि ते खिचडीत, आमटीत, लाडवात, चटणीत, सगळीकडे. रताळ्यातही असतं. बदाम-काजू खाल्ले तर आणखी भर. म्हणजे ज्याला ऑक्झलेटचा त्रास आहे त्याच्यासाठी हे सगळं एका दिवसात एकत्र येतं. त्यात दुसऱ्या बाजूला जेवण एकच, म्हणून पाणीही कमी पोटात जातं. आपण जेवताना आणि जेवणानंतर बरंच पाणी पितो, जेवण गेलं की तेही जातं. निर्जळी असेल तर बोलायलाच नको.

उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही. श्रद्धेची गोष्ट आहे आणि सोडायची गरजही नाही. ताट बदला:

वरीचे तांदूळ म्हणजे भगर मुख्य ठेवा. सोबत शेंगदाण्याच्या आमटीऐवजी ताकाची किंवा दह्याची उपासाची कढी करा. काकडीची दह्यातली कोशिंबीर, कूट चमचाभरच. लाल भोपळ्याचं भरीत दह्यातलं. राजगिरा खायचाच असेल तर दुधासोबत खा, कोरडा लाडू आणि कोरा चहा ही जोडी तुमच्या ह्यांच्यासाठी सगळ्यात वाईट. खिचडी खायची तर छोटी वाटी आणि शेजारी ताक. बटाटा चालतो, पण वेफर्स आणि तळलेला चिवडा नको, त्यात मीठ. केळं, पपई, मोसंबी. आणि तासातासाला पाणी.

आपल्या जुन्या स्वयंपाकात हे ज्ञान कुठेतरी होतंच असं मला नेहमी वाटतं. पालकाची पातळ भाजी आपण ताकात करतो. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात कालवून लहान मुलांना देतो. अळूने घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. खड्यात असतं तेच हे. अळूचं फदफदं करताना मात्र ज्यांना त्रास आहे त्यांनी पानं उकळून पाणी टाकून द्यावं, आणि खावं ते कधीतरी. पालकाचंही तसंच. उकळून पाणी ओतून दिलं की पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं. हिरव्या भाजीवाचून अडायचं कारण नाही. मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने अगदी कमी. कोबी, फ्लॉवर, दुधी, दोडका, गिलकी, पडवळ सगळं चालतं.

चहा दुधाचा घ्या, दिवसातून दोन कप. कोरा नको.

वर्गशिक्षिका

थोडं वेगळं लिहिते, पण याच धाग्यात बसेल. मी तालुक्याच्या आतल्या एका गावात शाळेवर आहे. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही, पाणी नाही आणि कडीही तुटलेली. आम्ही तिघी शिक्षिका सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप घेतो आणि संध्याकाळी पाचपर्यंत पाणी तोंडाला लावत नाही. अशी आठ वर्षं गेली. मला दोनदा लघवीचा संसर्ग झाला आणि गेल्या वर्षी डाव्या किडनीत मोठा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले, हा संसर्गातून होणारा खडा आहे, असा खडा फांद्या फुटत अख्खी किडनी व्यापू शकतो.

बायकांनो, पाणी कमी पिण्याची सवय आपण 'सोय' म्हणून लावून घेतो. बाजारात, एसटीच्या प्रवासात, शेतात. त्याची किंमत नंतर कळते. आम्ही आता गावातल्या एका घरी मधल्या सुट्टीत जायचं ठरवलंय, त्या आजी दार उघडं ठेवतात. वर्गातल्या मुलींनाही घेऊन जातो.

वैद्य सातपुडा

वर्गशिक्षिका ताईंनी लिहिलेलं फार महत्त्वाचं आहे. आयुर्वेदात वेगधारण, म्हणजे आलेला वेग दाबणं, हे अनेक रोगांचं मूळ मानलंय आणि मूत्राचा वेग त्यात ठळकपणे येतो.

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगितलेत, वातज, पित्तज, कफज आणि शुक्रज. बस्तीतला, म्हणजे मूत्राशयातला, खडा शस्त्राने काढण्याचं तपशीलवार वर्णन तिथे आहे, आणि औषधांनी साधलं नाही तरच शस्त्राकडे वळावं, असंही. पाषाणभेद, वरुण, गोखरू ही द्रव्यं आम्ही वापरतो. पण मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी सोनोग्राफी करायला लावतो. ७ एमएमचा खडा मूत्रवाहिनीत अडकून किडनीला सूज आली असताना काढे पाजत बसणं हा रुग्णावर अन्याय आहे. ५ एमएमच्या आतले खडे बहुतेक आपोआप पडतात. त्या वेळी जे काही प्यायलं असेल त्याला श्रेय मिळतं. पानफुटीची पानं खाऊन खडा पडला असं सांगणारे शंभर भेटतात, त्याचं कारण बहुधा हेच. पानफुटी रोज खाऊ नका, त्या वनस्पतीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. आणि बाजारातली विनालेबलची पुडी, भस्म कृपा करून घेऊ नका.

थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण थांबली, किंवा एकच किडनी असलेल्याला कळ आली तर घरी थांबायचं नाही. त्याच रात्री मोठा दवाखाना.

कुळीथपिठी

मग आमचं कुळथाचं कढण? आमच्या कोकणात आजी मुतखड्याला हेच द्यायची. रात्री कुळीथ भिजत घालायचे, सकाळी त्याच पाण्यात शिजवून वरचं पाणी गाळून, लसूण-जिऱ्याची फोडणी.

वैद्य सातपुडा

जरूर घ्या. तुमचे कुळीथ म्हणजे आमचे हुलगे, आमच्याकडे त्यांचं माडगं करतात. खडा त्याने विरघळतो असा भक्कम पुरावा नाही, म्हणून औषध म्हणून त्यावर विसंबू नका. पण कळ ओसरल्यावर रात्री गरम पातळ काहीतरी पोटात जातं, पाणी वाढतं, माणसाला उभारी येते. मीठ मात्र चिमूटभर.

मस्कतकर

मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या मस्कतला. माझा खडा या सगळ्यांपेक्षा वेगळा, म्हणून लिहितोय. माझा यूरिक ॲसिडचा. साध्या एक्सरेत दिसलाच नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसला. मधुमेह आहे, वजन जास्त, आणि लघवीचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५. अशा आम्लधर्मी लघवीत यूरिक ॲसिड विरघळत नाही, खाली बसतं.

माझ्या खाण्यात आठवड्याचे सहा दिवस मासे, त्यातही तारली आणि बांगडे, रविवारी मटण-कलेजी. ऑक्झलेट टाळून मला काही उपयोग नव्हता. डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट दिलं, पीएचच्या पट्ट्या दिल्या, आणि लघवी ६ ते ६.५ च्या आसपास ठेवायला सांगितलं. रोज सकाळी बाथरूममध्ये पट्टी बुडवून रंग बघायचा, वहीत लिहायचं. तीन महिन्यांत खडा विरघळला, ऑपरेशनशिवाय. हे सुख फक्त यूरिक ॲसिडवाल्यांना, कॅल्शियमचा खडा असा विरघळत नाही.

मासे सोडले नाहीत. आठवड्यातून तीन वेळा, तुकडे दोन. कलेजी आणि सुकी मासळी बंद. इथल्या उन्हात पाणी साडेतीन-चार लिटर लागतं.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी खडा कशाचा ते कळू द्या. माझं पथ्य ताईंच्या घरी चालणार नाही.

रानवारा

आमच्याकडे सगळे म्हणतात बोअरच्या पाण्याने खडे होतात. भांड्याला पांढरा थर बसतो तसाच किडनीत बसतो म्हणे. आरओ बसवावा का?

पथ्यपाणी

भांड्यावरचा थर पाणी आटून बसतो, किडनीत तसं होत नाही. जड पाण्याने खडे होतात असं ठामपणे दाखवता आलेलं नाही. पाण्यातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेट धरायलाही उपयोगी पडतं. पाणी खारट, मचूळ लागतं म्हणून माणूस कमी पितो, हा खरा तोटा. चव सुधारून जास्त प्यायलं जाणार असेल तर आरओ बसवा.

पाणी किती, हे सगळेच विचारतात. माप प्यायलेल्या पाण्याचं धरू नका, झालेल्या लघवीचं धरा. दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी. इटलीत १९९६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, पहिला खडा झालेल्या १९९ जणांपैकी निम्म्यांना फक्त पाणी वाढवायला सांगितलं होतं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, उरलेल्यांपैकी २७ टक्के लोकांना. औषध नाही, पथ्य नाही, फक्त पाणी.

बागेत घाम गाळणाऱ्याला त्यासाठी चार लिटरही लागतील. लघवी फिकट, गव्हाच्या काडीच्या रंगाची हवी. रात्री झोपताना एक पेला, आणि रात्री उठलात की परत अर्धा. सगळ्यात दाट लघवी पहाटेची असते. (हृदयविकार किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी हे करू नये.)

सकाळची_धाव

मी वजन कमी करायला वर्षभर रोज पालक-बीटचा रस काढून घेत होते, एक मोठी जुडी कच्चीच. जानेवारीत खडा. आज इथे वाचून कारण लक्षात येतंय. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पथ्यपाणी

रोज कच्च्या पालकाचा रस सगळ्यांनीच टाळावा. तसाच बिलिंबी आणि कमरख या आंबट फळांचा रस. केरळात बिलिंबीचा रस उपाय म्हणून पिऊन किडन्या अचानक बंद पडलेल्या रुग्णांची नोंद आहे. फळ चटणीपुरतं वेगळं, पेलाभर रस वेगळा.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग उठून ह्यांच्या ताटात दही वाढलं.

डॉक्टरांना विचारून २४ तासांच्या लघवीची तपासणी केली. पाच लिटरचा कॅन घरी आणायचा, पहिल्या दिवशी सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतची सगळी त्यात. हे बागेत कॅन घेऊन गेले. अहवाल असा: लघवी १.१ लिटर. कॅल्शियम २९० मिग्रॅ. ऑक्झलेट ५२ मिग्रॅ. सायट्रेट २४० मिग्रॅ. सोडियम २३० मिलीमोल. रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड (कॅल्शियमचं प्रमाण सांभाळणारं संप्रेरक) मात्र ठीक आहे. पथ्यपाणी ताई, पाहता का?

पथ्यपाणी

पाहिलं. लघवी निम्मीसुद्धा नाही. ऑक्झलेट जास्त, साधारण ४० च्या आत हवं. सायट्रेट कमी, ते खडा होऊ देत नाही, म्हणून ते वाढायला हवं. आणि सोडियम २३० म्हणजे दिवसाला जवळजवळ १३ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत सांगते.

मिठाचा आणि खड्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. किडनी जास्तीचं सोडियम बाहेर टाकते तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही वाहून जातं. तुमच्या ह्यांच्या लघवीत २९० कॅल्शियम कुठून आलं? तीन वर्षं दुधाचा थेंब नाही. ते बहुधा मिठाने ओढून नेलंय, त्यात हाडांतलंही असणार. म्हणजे दूध तोडलं आणि पापड-शेव ठेवली, तिथे दोन्हीकडून नुकसान झालं.

घरात एक सोपी मोजणी करा. तुम्ही चौघं ना? चार माणसांना दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर मिठाची एक किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. तुमची किती दिवस पुरते?

सायट्रेटसाठी दिवसभरात दोन मोठ्या लिंबांचा रस पाण्यात थोडा थोडा करून, मीठ न घालता, साखर नावाला. मोसंबीही चालेल. कोकमातल्या हायड्रॉक्सीसायट्रेट या घटकाने प्रयोगशाळेत ऑक्झलेटचे स्फटिक विरघळलेले २०१६ मध्ये दिसलेत. माणसांत ते सिद्ध व्हायचंय, पण बिनसाखरेचं आगळाचं (कोकमाच्या रसाचं) पाणी प्यायला हरकत नाही. आगळात मीठ असतं, ते मात्र धरा. एवढ्याने सायट्रेट वाढलं नाही तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतील.

तापीकाठ

मोजलं. पुडी २४ दिवसांत संपते. शिवाय पापड, बिबडे, लोणचं, शेव त्यात धरलेलंच नाही. मला खरंच धक्का बसला. मी कधी खारट स्वयंपाक करत नाही असं वाटायचं. पिठात मीठ, भातात मीठ, ठेच्यात वरून मीठ, कोशिंबिरीत मीठ, पुन्हा ताटात डावीकडे मीठ.

तापीकाठ

तीन महिन्यांनी लिहितेय. दिवाळी, लग्नसराई यात राहून गेलं.

परवा दुसरा अहवाल आला. लघवी २.२ लिटर. ऑक्झलेट ३४. कॅल्शियम २१५, रोज दोन वेळा दही खाऊन. सायट्रेट ३९०. सोडियम १४०, म्हणजे ८ ग्रॅम, अजून कमी व्हायला हवं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या स्वच्छ.

केलं एवढंच: बागेत केळीच्या घडांसोबत आता पाण्याचे दोन जार जातात, एक मजुरांसाठी आणि एक ह्यांच्या नावाचा, संध्याकाळी रिकामा परत यायला हवा. भाकरीच्या पिठात मीठ बंद केलं, आठवडाभर कुरकुर झाली, मग कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. बिबडे या वर्षी अर्ध्या मिठाचे केले. शेवभाजी महिन्यातून एकदा. कार्तिकी एकादशीला भगर, ताकाची कढी आणि भोपळ्याचं दह्यातलं भरीत केलं. सासूबाईंनी स्वतः शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

वांग्याचं भरीत चंपाषष्ठीला केलं. ह्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मिठाच्या डब्याच्या झाकणावर आता पुडी फोडल्याची तारीख लिहून ठेवते. आज ४१वा दिवस आहे, तळाशी अजून मूठभर आहे.